तुम्ही विचारलंत म्हणून: वासाचा पट्टा आणि विसरलेलं

हालचाल ओळखून वास सोडणारे मनगटी पट्टे मी बनवते. हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेलाच: "तो घातला की विसरलेलं आठवेल का?"

नाही आठवणार. जे त्या वासासकट मनात साठलेलंच नाही, ते पट्टा कुठून आणणार? पण लोकांना असं का वाटतं ते कळतं. इतर संवेदना मेंदूत आधी थॅलॅमसच्या चौकीवर थांबतात. वास ती चौकी चुकवून भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत जवळच्या वाटेने पोचतो. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बऱ्याचदा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतल्या असतात, त्या एवढ्या जुन्या आणि अचानक आलेल्या की चमत्कारच वाटावा.

माझ्या कामाची मेख मात्र 2007 सालच्या एका जर्मन प्रयोगात आहे. ब्यॉर्न राश, यान बॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत हे लक्षात ठेवायला लावलं आणि त्या वेळी गुलाबाचा वास दिला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा दिला, तेव्हा सकाळी जागा जास्त चांगल्या आठवल्या. शिकताना वास नसेल, तर झोपेतल्या वासाचा उपयोग झाला नाही. इथपर्यंत सगळे खूश होतात. पण त्याच लोकांना बोटांनी ठरावीक क्रमाने कळा दाबायलाही शिकवलं होतं, आणि तिथे गुलाबाने काहीच केलं नाही.

म्हणजे अंगवळणी पडलेली गोष्ट वेगळी आणि आठवणारी वेगळी. एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाच्या मेंदूतून 1953 साली दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, मोठा तुकडा काढला गेला. पुढे तो आरशात पाहून चांदणी गिरवायला शिकला. हात दिवसागणिक सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय हे त्याला दरवेळी नवीनच. म्हणून नाचाच्या स्टेप वासाने पक्क्या होतील असं मी कुणालाही सांगत नाही. हालचाल माझ्यासाठी फक्त कळ आहे. लक्षात राहिला तर ती हालचाल केली तेव्हाचा प्रसंग राहतो.

आणि ही कळ फार जपून दाबावी लागते. हात वळल्याचं सेन्सरला तत्क्षणी कळतं. वास सोडणंही आता तितकं अवघड नाही: हाँगकाँगच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या गटाने 2023 मध्ये सुगंधी मेण तापवून वास सोडणारी, त्वचेवर चिकटणारी मऊ पट्टी दाखवली. अवघड आहे ते थांबवणं. सुटलेला वास रेंगाळतो, पुढच्या हालचालीत मिसळतो, आणि नाक थोड्याच वेळात त्याची दखल घेणं सोडतं. चालण्याला वास जोडला तर तो पट्टा म्हणजे नुसतं महागडं अत्तर! दोन्ही हात वर नेऊन क्षणभर धरून ठेवणं, अशी क्वचित होणारी हालचाल मी निवडते.

वासही अनोळखी घेते. वासाशी जे पहिल्यांदा जुळतं ते सहज सुटत नाही, आणि गुलाबाशी प्रत्येकाचं काही ना काही आधीच जुळलेलं असतं. माझ्या मिश्रणाचा वास ओळखीच्या कशासारखाच नाही. पुष्कळांना ते आवडतही नाही. चालेल.

उरला "पट्ट्यातून आजीचा वास परत मिळेल का?" हा प्रश्न, तोही नेहमी येतो. तिची साडी कपाटात असेल तर तीच काढा. पट्ट्याचा खर्च कशाला?