पळसाच्या फोटोला फिल्टर लावताना

पळसाच्या फोटोला भडक फिल्टर लावला की फूल हमखास बिघडतं. पाकळीवरची बारीक लव आणि शिरा जातात, उरतो नुसता केशरी डाग. डिजिटल फोटोचा रंग लाल, हिरवा आणि निळा अशा तीन थरांचा, म्हणजे चॅनेलांचा, बनतो. या फुलात लाल चॅनेल आधीच काठोकाठ भरलेला असतो आणि निळ्यात जवळपास काहीच नसतं. सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) वाढवलं की लाल थेट २५५ या कमाल मर्यादेवर जाऊन आदळतो आणि तिथला तपशील सपाट होतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) मात्र ठीकठाक दिसतो, म्हणून फसायला होतं. लाल चॅनेलचा हिस्टोग्राम वेगळा पाहायचा.

फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवा (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). एडिट करताना सरसकट सॅच्युरेशनला हात लावू नका; फक्त केशरीचं १० ते १५ नं उतरवा. रंग फिका पडेल असं वाटतं, पण पाकळीची घडी पुन्हा दिसायला लागते.

पळसावर खरी मजा कृष्णधवलची. स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अ‍ॅपच्या ब्लॅक अँड व्हाइट टूलमध्ये कलर फिल्टरचा पर्याय असतो. लाल निवडला की पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या होतात, निळं आकाश काळवंडतं आणि फुलाच्या बुडाशी असलेली काळपट मखमली वाटी तशीच गडद राहते. पांढरी पाकळी, काळी वाटी, मागे गडद आकाश: निष्पर्ण फांदीवर हे फार देखणं दिसतं. निळा निवडा, सगळं उलटं. फुलं काळी, आकाश पांढरं, झाड शाईनं काढल्यासारखं. पण निळा फिल्टर जेपेगवर लावू नका. जेपेगमध्ये रंगाची माहिती बहुतेक वेळा कमी रिझोल्यूशनमध्ये साठवलेली असते, त्यामुळे मुळात रिकामा असलेला निळा चॅनेल ताणला की पाकळीवर चौकोनी ठोकळे उमटतात.

लाल फिल्टरचीही एक अट आहे: आकाश निळं हवं. नागपुरात मार्च सरता सरता आकाश धुळकट पांढरं होतं. पांढरं म्हणजे तिन्ही चॅनेल सारखेच, मग फिल्टर काळं करणार तरी काय? काटोल रोडला किंवा गोरेवाड्याकडे जायचं तर सकाळी लवकर जा आणि सूर्य पाठीशी ठेवा; सूर्याच्या विरुद्ध बाजूला निळा जास्त गडद असतो. आकाश फार ताणलं तर त्यात दाणे येतात आणि काटक्यांभोवती पांढरी किनार उमटते. किनार दिसली की स्लायडर मागे घ्यायचा, दुसरा इलाज नाही.

स्नॅपसीडचे एचडीआर स्केप आणि ड्रामा हे फिल्टर पूर्ण जोरात लावलेलं निसर्गचित्र मला तरी बघवत नाही. झाडाभोवती उजेडाचं वलय येतं, कारण हे फिल्टर प्रत्येक भागाचा कॉन्ट्रास्ट आजूबाजूच्या पिक्सेलांवरून ठरवतात. वापरायचाच तर व्ह्यू एडिट्समध्ये (केलेल्या बदलांच्या यादीत) जाऊन त्या पायरीचा ब्रश उघडा, ताकद ५० वर ठेवा आणि फक्त खोड व जमिनीवर फिरवा. आकाशाला शिवू नका.

तैलचित्राचा इफेक्ट अंबाझरी तलावाच्या पाण्यातल्या प्रतिबिंबांवर चांगला बसतो. गिंप या संगणकावरच्या एडिटिंग प्रोग्रॅममध्ये हा ऑइलिफाय नावानं, आर्टिस्टिक फिल्टरांत सापडतो. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोवर त्रिज्या ४ ठेवली तर फरक जाणवतच नाही. आधी रुंदी २००० करा, मग लावा. लेयरची (फोटोच्या थराची) नक्कल करून नकलेवरच फिल्टर लावायचा आणि तिची अपारदर्शकता ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायची. फोटोत बगळा असेल तर नकलेला लेयर मास्क (थराचा भाग झाकणारा पडदा) जोडून त्यावर काळ्या ब्रशनं त्याचं डोकं मोकळं करा, नाहीतर डोळा पुसला जातो.

फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचं दुखणं वेगळं: फिल्टरनंतर आकाशात पट्टे पडतात. ८ बिटमध्ये एका चॅनेलला २५६ च पायऱ्या. त्या ताणल्या की मधल्या फटी दिसतात. एडिट १६ बिटमध्ये करा आणि थोडा ग्रेन (बारीक दाणे) घाला. फोटोचा आकार कमी केल्यानंतरच ग्रेन घालायचा; आधी घातलेला ग्रेन आकार कमी करताना विरून जातो. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर कॉम्प्रेशनमध्ये ग्रेन जाऊन पट्टे परत येतात.