पडला तर पडूंदे की

रविवार, रात्र

काल चिनूच्या हातून चेंडू सुटला. आठ वर्षांच्या पोरांचा फ्लॅग फुटबॉल, म्हणजे धक्काबुक्कीशिवायचा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातांनी फेकायचा-झेलायचा. दर दोन मिनिटांनी कुणाच्या ना कुणाच्या हातून सुटतोच. मी मैदानाच्या कडेला फोन धरून उभी होते. तिकडे मिरजेत रात्रीचे साडेदहा वाजून गेले तरी नातवाची मॅच बघायला आप्पा जागे होते. चेंडू सरळ छातीवर आला, चिनूने हात पुढे केले, आणि बोटांना लागून तो गवतात पडला. पोराचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात फोनमधून आप्पा म्हणाले, "पडला तर पडूंदे की रं बाळा. उचल."

हसत म्हणाले.

कालपासून हे वाक्य कुसळासारखं रुतून बसलंय.

मॅच संपल्यावर कोचने पोरांना गवतात बसवून जेरी राइस या अमेरिकन फुटबॉलपटूची गोष्ट सांगितली. मिसिसिपीतल्या क्रॉफर्ड नावाच्या खेड्यातला मुलगा, आठ भावंडांतला सहावा, बाप गवंडी. सुट्टीत मुलं बापाच्या हाताखाली राबायची. खालून भाऊ विटा फेकायचे आणि हा परांचीवर उभा राहून झेलायचा. तेच हात पुढे फुटबॉलमधले सगळ्यात भरवशाचे हात झाले. चौदा वर्षं इथे काढली, फोर्टी नायनर्सचे, त्याच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या संघाचे, लाल शर्ट रोज बघते, पण विटांचं हे मला ठाऊक नव्हतं.

गाडीत बसल्यावर चिनूने विचारलं, "आई, विटा झेलायच्या म्हणजे नक्की काय करायचं?"

मी म्हटलं, पट्टा लाव आधी.

रात्री झोप आली नाही, मग राइसबद्दल मिळेल ते वाचत बसले. वाइड रिसीव्हर म्हणजे कडेला उभा राहून पळत सुटणारा, लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलणारा गडी. मिसिसिपी व्हॅली स्टेट हे काही नावाजलेलं कॉलेज नव्हे. १९८४ मध्ये ह्यूस्टनच्या हॉटेलात टीव्हीवर त्याचा खेळ फोर्टी नायनर्सचा कोच बिल वॉल्शच्या नजरेला पडला, आणि १९८५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, फोर्टी नायनर्सनी सोळाव्या क्रमांकावर त्याला उचलला. पुढचे आकडे इथल्या लोकांना तोंडपाठ आहेत. १५४९ झेल, २२,८९५ यार्ड. मी हिशेब केला, जवळजवळ एकवीस किलोमीटर होतात. झेललेल्या चेंडूंनी एकवीस किलोमीटर! दुसऱ्या नंबरचा लॅरी फिट्झजेराल्ड पाच हजार यार्डांहून जास्त मागे आहे.

पण मी अडकले ती पहिल्या वर्षापाशी. पहिल्या वर्षी त्याच्या हातून चेंडू सुटायचे. सारखे. कँडलस्टिक पार्क या घरच्या मैदानावर घरचेच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवायचे. डिसेंबरात रॅम्सविरुद्ध एका रात्रीत दहा झेल आणि २४१ यार्ड केले, तेव्हा कुठे लोक गप्प झाले. पुढच्या मोसमातली जायंट्सविरुद्धची बादफेरीची मॅच तर बघवत नाही. जानेवारी १९८७. चेंडू हातात, पुढे मोकळं मैदान, अंगाला कुणी शिवलेलंसुद्धा नाही, आणि चेंडू आपोआप सुटतो. ४९-३ ने हरले ते. तो तुकडा मी चारदा लावला. चेंडू सुटल्यावर तो मागे वळून बघत नाही, नुसता चेंडूमागे धावतो. ज्याने विटा झेलल्या त्याच्याही हातून सुटलंच की. त्याला कोण काय बोललं असेल?

मला आप्पा बोलायचे.

दादा तेव्हा पुण्याला, धाकटा अगदीच लहान, म्हणून सातवी-आठवीच्या दोन्ही उन्हाळ्यांत परांचीवर मी. तळहाताला सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, नाहीतर कातडं सोलून निघतं. आप्पा खालून दोन विटा एकावर एक धरून असा झोका द्यायचे की त्या सुट्या न होता जोडीनेच वर यायच्या. वर चढणारी वीट नेमकी थांबते त्या क्षणाला धरायची, आणि धरताना हात किंचित मागे घ्यायचे. तिला आपल्याकडे येऊ द्यायचं. हात ताठ ठेवला तर वीट अंगठा फोडते. त्या दोन उन्हाळ्यांत माझ्या हातून तीन वेळा जोडी सुटली. तीनच. आणि तिन्ही वेळा सगळ्या कामगारांसमोर, "डोळं कुठं हाईत तुझं?" तिसऱ्यांदा तर दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. "पडूंदे" हा शब्द त्यांच्या तोंडी मी काल पहिल्यांदा ऐकला. तोही सात समुद्रांपलीकडून, दुसऱ्यासाठी.

लिहितानाच कळतंय की पोटच्या पोराचा मला हेवा वाटला. वाटला, खरंच वाटला. त्या तीन जोड्यांचा हिशेब मी अजून धरून बसलेय. परीक्षेत दोन मार्क गेले की तेच, नोकरीत चूक झाली की तेच, मागच्या महिन्यात ते झालं तेव्हाही रात्रभर कानात "डोळं कुठं हाईत". दादाला हे कधी सांगितलं नाही. आता घराच्या वाटण्यांमध्ये तर काय सांगणार.

२०१० मध्ये फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, घेतलं तेव्हाच्या भाषणात राइस म्हणाला होता की आयुष्यभर मला पळवलं ते अपयशाच्या भीतीने. खंत एकच, की या सगळ्याचा आनंद घ्यायला मी कधी थांबलो नाही. वीस मोसम खेळून, तीन सुपर बोल, म्हणजे मोसमाच्या अंतिम मॅच, जिंकून माणूस हे म्हणतो. ऐकताना मला रडू आलं, पण त्याच्यासाठी नाही.

आज सकाळी एकटीच एजवूड पार्कला गेले. मोसम नसायचा तेव्हा राइस तिथली अडीच मैलांची चढण पळत चढायचा. चढाला लागले आणि अर्ध्यात धाप लागली. वाटेच्या बाजूला पिवळी रानफुलं नुसती उधळली होती. ओकच्या झाडाखाली बसले. मनात तेच चाललेलं, क्रॉफर्डमध्ये तो परांचीवर आणि भाऊ खाली. वीट सुटली तर ते काय म्हणत असतील, हसत असतील की शिव्या घालत असतील.

आणि एकदम डोक्यात आलं, खाली.

सुटलेली वीट जाते कुठे? जो फेकतो त्याच्याच अंगावर. तो तर मान वर करून उभा असतो. हेल्मेट वगैरे आमच्याकडे कुणी बघितलं होतं? डोक्याला पंचा, बस्स. तिसरी जोडी सुटली तेव्हा आप्पा बाजूला सरकले होते, पण पुरते नाही. त्या संध्याकाळी आई त्यांच्या खांद्याला हळद लावत होती. मी दारातून बघितलं आणि आत गेले नाही. मला राग आला होता, ते माझ्याशी बोलत नव्हते म्हणून. खांद्याचं मला पंचवीस वर्षं आठवलंच नाही. बोलणं तेवढं लक्षात राहिलं.

त्या दिवशी दुपारी दुसऱ्या कुणाला वर पाठवलं असतं तर? नाही पाठवलं. परत मलाच चढवलं, आणि परत खाली तेच उभे राहिले.

परत येऊन फोन केला. हे काही विचारलं नाही. ते म्हणाले, "पोरगं हात ताठ धरतंय बघ. मागं घ्यायला शिकीव त्याला." मी म्हटलं, हो. खांदा कसा आहे विचारलं, तर म्हणाले, "कुठला खांदा?" मग पाण्याचं, लाइटचं, नेहमीचं बोलत राहिले.

संध्याकाळी चिनूला मागच्या डेकवर उभं केलं आणि मी खाली अंगणात. सोफ्यावरच्या दोन उश्या एकावर एक धरून आप्पांसारखा झोका दिला. पहिल्या झोक्यात त्या वाटेतच सुट्या झाल्या, पण चौथ्या-पाचव्यापासून जोडी नीट वर जायला लागली. हातांना आठवत होतं. "येऊ दे तिला, हात मागे घे," मी खालून सांगत होते. सहा-सात झेलल्या त्याने. आठवी सुटली ती सरळ माझ्या तोंडावर.

"डोळे कुठे आहेत तुझे?"

तोंडातून निघूनच गेलं. मी तशीच वर बघत उभी राहिले.

चिनू कठड्यावरून वाकला, दोन्ही बोटांनी आपले डोळे मोठे करून दाखवले आणि म्हणाला, "हे काय, इथेच आहेत. टाक ना परत."