झुल्यावर खिसे सांभाळा

आज दिवसभर वॉटर पार्कमध्ये एकच दृश्य: राइड थांबली की कोणीतरी वाकून सीटखाली मोबाईल शोधतंय. नागपूरच्या मे महिन्यात गर्दी तिकडेच, म्हणून सांगतो.

जहाजाच्या झुल्यात टोकाच्या सीटवर झोका वर जाऊन परतताना अंग क्षणभर हलकं होतं. तेव्हाच ट्रॅकपँटच्या उथळ, तिरप्या खिशातून वस्तू निसटते. चेन असलेला खिसा हवा. मागचा खिसा नकोच. चष्म्याला दोरी लावा, नाहीतर खाली उभ्या माणसाकडे द्या. उंचावरून पडलेला मोबाईल कोणाचं डोकं फोडू शकतो, हे लोकांच्या ध्यानातच येत नाही.

पाण्यात अंगठी घालूच नका; गार पाण्यात बोटं आकसतात. ‘फोन वॉटरप्रूफ आहे’ म्हणणाऱ्यांनो, आयपी६८ची (फोनवर लिहिलेला, धूळ-पाणी आत न शिरण्याचा दर्जा) चाचणी स्थिर, गोड्या पाण्यात होते. घसरगुंडीच्या आपटण्याला अन् क्लोरीनला ती लागू नाही. मोबाईलसाठी वॉटरप्रूफ पाऊच घेतलाच तर आधी घरी आत टिश्यू पेपर ठेवून अर्धा तास बादलीत बुडवा. गाडीची रिमोटवाली चावी लॉकरमध्ये, अन् लॉकरची चावी मनगटाला.

काही पडलंच तर कुंपण ओलांडू नका भाऊ, ऑपरेटरला सीट नंबर सांगा.