खालून निवळणारं पाणी

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या त्या घरातून पहिला फोन आला तेव्हाच आज्जींनी सांगितलं होतं, "पाणी गिलासात घेतलं की दुधागत दिसतंय बघ बाळा, मग खालनं निवळत वर जातंय." मी ते ऐकलं आणि लगेच विचारलं, माशांच्या पिल्लांना खाद्य किती घालता? पिल्लं मरतात म्हटलं की आमच्या धंद्यात आधी अमोनिया, म्हणजे उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून पाण्यात चढणारं विष, आठवतो, आणि डोक्यात एकदा अमोनिया बसला की बाकी काही ऐकू येत नाही. दोन रात्रींत तीन हजारांतली निम्म्याहून जास्त पिल्लं गेली.

मासे आणि भाजी एकाच फिरत्या पाण्यावर वाढवायची ही मांडणी मीच करून दिलेली. मोठी टाकी दोन हजार लिटरची, अर्धी जमिनीत, पाण्याची खोली चार फूट. तीत सायप्रिनस या कार्प जातीचे बारा मोठे मासे. बाजूला निळे पिंप उभे कापून केलेले चार वाफे. त्यांत वीस मिलिमीटरची खडी, वर मेथी, पालक आणि थोडा पुदिना. पाणी पंपाने वाफ्यात चढायचं, बेल सायफन, म्हणजे ठरावीक उंचीला पाणी चढलं की आपोआप वाफा रिकामा करणारी नळी, भरला की धबकन पिल्लांच्या टाकीत पडायचं आणि तिथून जाळीतून मोठ्या टाकीत परत जायचं. पिल्लांची टाकी मीटरभर लांब, मीटरभर रुंद, पाणी जेमतेम फूटभर. तीनशे लिटरला तीन हजार पिल्लं, म्हणजे लिटरला दहा. घरगुती मांडणीत याहून दाटी करू नये.

वीण बिनचूक झाली होती. थंडी सरून पाणी बावीस-तेवीस अंशांच्या वर टिकायला लागलं की सायप्रिनस आपणहून अंडी घालतो, इंजेक्शन लागत नाही. आठशे ग्रॅमची एक मादी, तिच्या निम्म्या वजनाचे दोन नर आणि धुऊन घेतलेला हायड्रिला, म्हणजे पाणवनस्पती, संध्याकाळी एकत्र सोडला, पहाटेपर्यंत अंडी चिकटलेली. मोठे मासे लगेच काढायचे, नाहीतर तेच अंडी खातात. एका मादीची अंडी घरातल्या टाकीला कितीतरी जास्त होतात, म्हणून अंड्यांसकट बराचसा हायड्रिला शेजारच्या शेततळ्यात दिला. तिसऱ्या दिवशी जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, बाहेर. पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीवर भागतं. मग उकडलेल्या अंड्याचा बलक पातळ कापडातून पिळून चिमूट-चिमूट, दिवसातून चार-पाच वेळा, आणि जोडीला शेंगपेंडीच्या पाण्यात वाढवलेला मोइना, म्हणजे पाण्यातला बारीक पिसवासारखा जीव. जाळीला मच्छरदाणी चालत नाही, कोवळं जिरं तिच्यातून सरळ निघून जातं. ऑर्गंडीचं कापड लागतं, तेही रोज पाण्याखालीच हाताने चोळून.

पिल्लं दहा दिवसांची असताना घरातला पाण्यात बुडणारा पंप जळला. घरच्यांनी त्या जागी अर्ध्या अश्वशक्तीचा मोनोब्लॉक बाहेर बसवून घेतला. त्यातून एक फांदी वाफ्यांना आणि दुसरी थेट पिल्लांच्या टाकीत, तळाशी. थेट देण्यामागचा विचार चांगलाच होता. सायफन सुटला की धार एकदम येते आणि पिल्लं जाळीला चिकटतात, ते टाळायचं होतं. धार बेताची राहावी म्हणून दोन्ही व्हॉल्व्ह अर्धे दाबून ठेवले होते.

फोनवर मी सांगितलं, खाद्य बंद करा, तिसरा हिस्सा पाणी बदला आणि पिल्लांच्या टाकीतली धार वाढवा. यातलं शेवटचं सांगणं मला अजून टोचतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथं पोचलो. अमोनिया पाव मिलिग्रॅम, नायट्राइट शून्य, सामू ७.४. पाणी तेवीस अंश. ऑक्सिजनचा मीटर टाकला तर लिटरला ९.१ मिलिग्रॅम. बरं वाटलं. निदान हवा तरी भरपूर आहे म्हटलं आणि पुढं गेलो.

तो आकडाच वाईट होता. तेवीस अंशांना समुद्रसपाटीवर पाण्यात साडेआठच्या आसपास ऑक्सिजन मावतो. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथं मावतो पावणेआठच्या आसपास. त्यात सकाळचे सात. रात्रभर मासे, मुळं, शेवाळ आणि खडीतले जिवाणू ऑक्सिजन ओढत असतात, म्हणजे दिवसातला सगळ्यात कमी आकडा यावा अशी ही वेळ. तेव्हा ९.१ दिसला तर कुठून तरी पाण्यात हवा दाबून भरली जाते आहे. मीटर विकणारे 'जास्त तेवढं चांगलं' एवढंच शिकवतात. आकडा कुठल्या गावात, कुठल्या तापमानाला आणि किती वाजता घेतला हे कुणी विचारत नाही. मीही विचारलं नाही.

खटकलं ते वेगळंच. मोठे मासे ठणठणीत होते. पाणी एकच, मग मरण एकाच टाकीत का? एक पिल्लू काचेच्या पेल्यात घेतलं, मागं काळं कापड धरलं आणि दहापट भिंग लावलं. पाठीच्या कण्याखाली चंदेरी वाताशय, म्हणजे माशाची हवेची पिशवी, असतो, तो जागेवर होता. पण त्याखेरीज आतड्यात बुडबुड्यांची माळ, डोळ्यामागे एक आणि शेपटीच्या परात दोन-तीन बारीक मणी. जिवंत पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगत होती आणि खाली जायला धडपडत होती. हा वायुबुडबुड्यांचा रोग. माशांच्या अंडी उबवणी केंद्रात काम केलेला माणूस एका नजरेत ओळखेल, पण घरगुती मांडणीत त्याची आठवण कुणाला होत नाही.

मग पेला पिल्लांच्या टाकीत येणाऱ्या थेट फांदीच्या तोंडाशी भरून खिडकीत धरला. पाणी दुधाळ होतं. आज्जी म्हणाल्या तसंच खालून निवळत वर गेलं. गाळ असता तर वरून निवळलं असतं, कारण गाळ खाली बसतो. हवा वर जाते, म्हणून तिचं पाणी खालून निवळतं.

दोष पंपाच्या ओढीच्या बाजूला होता. मोठ्या टाकीच्या काठावर पाण्याच्या वर एक आट्याचा जोड होता, त्याला टेफ्लॉन टेप नव्हती. असा जोड गळत नाही, थेंब पडत नाही, म्हणून प्लंबर हात फिरवून 'कोरडा आहे' म्हणतो आणि निघून जातो. पुढच्या बाजूचा जोड पाणी बाहेर टाकतो, मागचा हवा आत ओढतो. बघायचं तर साबणाचा घट्ट फेस जोडावर थापायचा. फुगे आले नाहीत, पण फेस फटीतून आत गेला. ओढलेली हवा पंपात पाण्याबरोबर घुसळली जाते, आणि पुढचे व्हॉल्व्ह अर्धे दाबलेले असल्यामुळं नळीत दाब चढतो. दाब दुप्पट झाला की पाण्यात हवाही जवळपास दुप्पट विरघळू शकते. वाफ्यात चढलेलं पाणी खडीवर आपटून जास्तीची हवा सोडून देत होतं. पिल्लांच्या टाकीत मात्र ते तळाशी, न आपटता, जसंच्या तसं जात होतं. दर मीटर खोलीला सुमारे दहा टक्के जादा वायू पाण्याच्या वजनाखाली दबून राहतो. मोठ्या टाकीच्या तळाशी बसणाऱ्या माशांना ती सोय होती, फूटभर पाण्यातल्या पिल्लांना कुठं जाणार? वायू त्यांच्या रक्तात आणि आतड्यातच सुटत होता. खरा मारणारा बहुतेक नायट्रोजन. ऑक्सिजन अंगात वापरला तरी जातो, नायट्रोजन नुसता फुगतो. धार वाढवा सांगून मी तोच जास्त पाठवला होता.

मोनोब्लॉक बंद केला आणि टाकीत हवेचे चार दगड, म्हणजे हवेच्या पंपाला जोडलेले बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड, सोडले. शेजारच्या काकांना हे पटेना, "हवेनं मरतात म्हणता आणि परत हवाच सोडता?" शंका रास्त होती. मोठे बुडबुडे उथळ पाण्यातून वर जाताना जास्तीचा वायू ओढून नेतात आणि पाणी बाहेरच्या हवेशी बरोबरीवर येतं. दाबाखाली भरलेली हवा वेगळी, उघड्यावर सोडलेली वेगळी. दोन तासांत मीटर ८.० वर आला. संध्याकाळपर्यंत पोट वर केलेली काही पिल्लं खाली गेली, सगळी नाही. आतड्यात बुडबुडा अडकलेली दुसऱ्या दिवशी गेली.

जोड उघडून आटे साफ केले, टेपचे बारा वेढे दिले. तरी थेट फांदी पुन्हा जोडायची नाही असं ठरलं. चार इंची पाइपचा तीन फूट तुकडा पिल्लांच्या टाकीवर उभा केला, तळाला भोकांचं झाकण, आत विजेच्या कामातल्या लवचीक नळीचे इंचभर तुकडे सैल भरलेले. वरून भोकांच्या ताटलीतून पाणी तुकड्यांवर ठिबकत उतरतं आणि जादा वायू तिथंच सुटतो. पाइप पाण्यानं भरून चालायचा नाही, आत हवा खेळली पाहिजे. धार बारीक राहते, पिल्लं जाळीला चिकटत नाहीत. आता हजार-अकराशे उरली आहेत, मोइनावर तुटून पडतात.

डिसेंबरात खानापूरकडच्या एका घरात अशीच पिल्लं गेली होती. तिथंही पंप बाहेर होता. मी वहीत 'अमोनिया' लिहिलं, खाद्य कमी करायला सांगितलं आणि परत आलो. वही काढून बघितली. त्या दिवशीचा ऑक्सिजन ८.९ लिहिलेला आहे, शेजारी बरोबरची खूण. त्यांनी परवा नवीन जिरे मागवलेत. ते टाकीत सोडायच्या आधी तिथला जोड बघायला रविवारी जाणार आहे, साबण बरोबर घेऊन.