क्लास का काढत नाही, असं तुम्ही विचारलंत म्हणून

गेल्या मंगळवारी सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका घरी गाण्याची शिकवणी संपवून उठत होते. मुलीच्या आईने चहाचा कप पुढे केला आणि म्हणाली, "ताई, रागावू नका, पण एक विचारू का? तुम्ही आकाशवाणीवर गाता, मैफली करता. मग स्कूटरवरून असं घरोघर कशाला फिरता? एखादा हॉल घ्या, बोर्ड लावा. मुलं रांग लावतील."

हा प्रश्न मला नवा नाही. अठरा वर्षं मी सांगली-मिरजेत घरी जाऊन गाणं शिकवते आहे आणि वर्षातून दहा वेळा तरी कोणी ना कोणी तो विचारतंच. माझा भाऊ तर कागदावर हिशेब मांडून दाखवतो. वीस मुलांची एक बॅच, अशा रोज तीन, त्यातून जागेचं भाडं वजा. हिशेब काही चुकीचा नसतो. आजवर मी "नाही हो जमत" म्हणून वेळ मारून नेली. पण या वेळी विचारणारीच्या आवाजात काळजी होती, आणि घरी परतताना वाटलं की एकदा नीट उत्तर द्यायला हवं.

क्लास मी काढला होता. चार वर्षं चालवला. एका मंडळाची खोली संध्याकाळी मिळायची, सतरंजीवर अठरा मुलं बसायची, समोर मी आणि हार्मोनियम. सूर काळी चार, म्हणजे हार्मोनियमच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी. लहान मुलांना आणि मुलींना साधारण तो झेपतो, म्हणून सगळ्यांचा सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, तोच. भूप रागाचे पलटे (स्वरांचे उलटसुलट सराव), सरगम, एक छोटा ख्याल, मग संगीताची प्रवेशिका परीक्षा. निकाल चांगले लागायचे. पालक खूश होते आणि मीही खूश होते.

मागच्या ओळीत तेरा वर्षांचा एक मुलगा बसायचा. पहिली दोन वर्षं त्याचा आवाज इतका गोड लागायचा की कार्यक्रमात सुरुवात मी त्यालाच करायला लावत असे. एक दिवस त्याची आई आली आणि म्हणाली, "त्याला आता गाणं नको आहे. तीन महिने झाले, तो नुसते ओठ हलवतोय." तीन महिने! आणि मला कळलं नव्हतं. सतरा आवाजांमध्ये अठरावा नाही, हे माझ्या कानाने टिपलं नव्हतं. त्याचा आवाज फुटत होता. काळी चारचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लावायला गेलं की आवाज चिरकायचा, आजूबाजूची पोरं हसायची. म्हणून त्याने गप्प राहायचं ठरवलं होतं.

मी त्याच्या घरी गेले, खणभागात. त्याला गायला सांगितलंच नाही. शाळेच्या पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाच म्हटलं. माणूस वाचतो किंवा सहज बोलतो, तेव्हा वाक्याच्या शेवटी आवाज जिथे विसावतो ती त्याची घरची जागा. त्याच्या थोडं वर सा धरून बघायचा. मग खाली मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) आणि वर तार गंधार (वरच्या सप्तकातला ग), दोन्हीकडे गळा न आवळता पोचता येतं का ते तपासायचं. पोचता आलं तर सा सापडला. या मुलाचा सा त्या दिवशी काळी चारच्या कितीतरी खाली होता, आणि तिथेही तो स्थिर नव्हता. या वयात स्वरयंत्र वाढत असतं, स्वरतंतू लांब आणि जाड होत असतात. आवाज एका रात्रीत खाली उतरत नाही, रोज थोडी जागा बदलतो. पुढच्या महिन्यात मी त्याचा सा तीनदा बदलला. चार महिने फक्त पाच स्वर, हलक्या आवाजात, तार सप्तकाचं नाव नाही. शेवटी तो काळी एकवर येऊन थांबला. आज तो पुण्यात नोकरी करतो आणि अजून काळी एकवरच गातो.

त्या चार महिन्यांनी माझा क्लास संपवला. खोलीत अठरा मुलं असतील तर अठरा सा असतात, आणि मी एका वेळी एकच लावू शकते. बाकीच्यांनी आपला गळा माझ्या पट्टीला जुळवून घ्यायचा, हे मला पुढे कधी पटलंच नाही.

म्हणून क्लास वाईट, असं मी कधी म्हणणार नाही. ज्या मिरजेत मी आठवड्यातून तीनदा जाते, तिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. गाणं शिकायचं तर गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू देईल तेव्हा घ्यायचं, असा तो काळ. त्याच पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरावीक वेळ, ठरावीक अभ्यासक्रम, वर्गात बसून शिक्षण. त्यांनी ते दार उघडलं नसतं तर माझ्या आजीसारख्या बाईच्या हाती तंबोरा आला नसता आणि माझ्याही नाही. त्यांचं ऋण मोठं आहे.

पण याच सांगलीत दुसरी एक गोष्ट घडली आणि मी ती प्रत्येक नव्या घरी सांगते. १९१९च्या सुमारास जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक गायक अल्लादिया खाँसाहेब उपचारासाठी इथे येऊन राहिले होते. गोव्यातल्या कुर्डीची एक पंधरा वर्षांची मुलगी, नाटक कंपनीतून बाहेर पडलेली, आई गेलेली, इथल्या एका घरात रियाज करायची. खाँसाहेब जाता-येता ते ऐकत. एक दिवस ते सरळ घरात आले आणि तिला शिकवू लागले. आपल्याला कोण शिकवतंय हे तिला बरेच दिवस ठाऊकही नव्हतं, असं सांगतात. ही मुलगी म्हणजे मोगूबाई कुर्डीकर. खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा त्याही मुंबईला गेल्या, आणि पुढे त्यांनी घडवलेल्या शिष्यांमध्ये त्यांची लेक किशोरी आमोणकर होती. जयपूर-अत्रौली घराण्याच्या एवढ्या मोठ्या गाण्याचा एक धागा, गुरू शिष्येच्या दारात चालत आला तिथून निघतो. मी कुठे आणि खाँसाहेब कुठे! पण स्कूटर लावून एखाद्या चाळीचा जिना चढताना मला ते आठवतं आणि पाय हलके होतात.

घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे जागा बघणं. लोक बाहेरची खोली झाडून-पुसून तयार ठेवतात. मी आत जाते. फरशी आणि उघड्या भिंती असल्या की आवाज घुमतो, घुमला की गोड लागतो आणि चुका झाकतो. गाद्या, कपाटं, पडदे असलेली खोली खरं सांगते. मग पंखा बंद. सांगलीच्या एप्रिलमध्ये हे ऐकल्यावर सगळे माझ्याकडे बघत राहतात! पण पंख्याची घरघर हाही एक अखंड सूरच असतो. तंबोऱ्याचे बारीक स्वर तो गिळतो, आणि नकळत मूल त्याला धरून गायला लागतं. तासभर घाम आला तर येऊ दे.

रोज मोबाइलवरचा तंबोरा आणि एक लहानसा स्पीकर घेऊन जाते. तेवढ्यावर भागतं. पण महिन्यातून एकदा रिक्षा करून खरा तंबोरा नेतेच. माझा तंबोरा मिरजेच्या सतारमेकरांकडचा आहे. त्या गल्लीत भोपळे वाळत टांगलेले असतात, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरचं कोणी बोर्डात आल्यासारखा आनंद झाला. तंबोरा मुलासमोर आडवा ठेवून लावते. चार तारा: पंचम, दोन जोडीचे षड्ज, खर्ज म्हणजे खालचा सा. घोडीवर तारेखाली दोरा सरकवत जवारी, म्हणजे तारेचा गुंजता झणकार, उघडते. त्या दोऱ्याच्या केसभर सरकण्याने मिटलेली तार कशी बोलायला लागते, हे मुलाला डोळ्यांनी आणि कानांनी एकाच वेळी कळतं. मग सांगते, आता डोळे मिट, गाऊ नकोस, नुसतं ऐक. कुणाला पाच मिनिटं लागतात, कुणाला पाच महिने. पण केव्हातरी ते मूल दचकून डोळे उघडतं: "ताई, ग ऐकू येतोय! पण ग ची तारच नाही ना?"

नाहीच. तो खर्जाच्या पोटात असतो, मूळ स्वरासोबत तारेतून आपोआप उमटणाऱ्या उपस्वरांपैकी पाचव्यात, दोन सप्तकं वर. स्वयंभू गंधार म्हणतात त्याला. हार्मोनियमची गंधाराची पट्टी याच्यापेक्षा किंचित चढी असते, अर्ध्या स्वराच्या साधारण सातव्या भागाइतकी. कानावर हार्मोनियमच असेल तर तो चढा गंधारच गळ्यात बसतो. एकदा का मुलाने स्वयंभू गंधार स्वतःच्या कानाने पकडला, की भूपाचा ग मला शिकवावा लागत नाही. तो त्यालाच शोधत जातो. अठरा मुलांच्या खोलीत ही शांतता मी कधी निर्माण करू शकले नाही.

आणखी एक, जे फी विचारणाऱ्यांना मी आधीच सांगते. आठवड्यातले दोन तास माझे असतात, बाकी पाच दिवस घर शिकवतं. म्हणून पहिला महिना घरातलं एक मोठं माणूस जवळ बसायला हवं, वहीत लिहून घ्यायला. आईच बसायला हवी असं नाही. एका घरी आजोबा बसायचे. त्यांना सूर लागत नसे, पण नात पलटा अर्धवट सोडून पळाली की "चार वेळा झालंय, ताईंनी दहा सांगितलंय" एवढं ते म्हणायचे. त्या मुलीची लय पक्की झाली त्यात माझ्यापेक्षा त्यांचा वाटा मोठा होता. आणि रियाज रोज पंधरा मिनिटं. रविवारी दोन तास कोंबून भरपाई होत नाही.

मोठी माणसंही शिकतात. बँकेतून निवृत्त झालेले गावभागातले एक काका सदुसष्टाव्या वर्षी म्हणाले, मला वारीत अभंग म्हणायचेत, राग-बिग नको. त्यांचा सूर बरा होता. अडचण श्वासाची होती. ते शब्दाच्या मध्यावर श्वास घेत आणि विठ्ठलाचे दोन तुकडे होत. आम्ही अभंगाच्या कागदावर पेन्सिलने श्वासाच्या जागा आखल्या. वर्षभर तेवढंच केलं. मग ऑगस्ट २०१९चा पूर आला. कृष्णेचं पाणी त्यांच्या घरात शिरलं आणि हार्मोनियम पाण्यात गेली. लाकूड फुगलं, भाता गळून पडला, पट्ट्या एकमेकींत अडकल्या. पाणी ओसरल्यावर मी भेटायला गेले, गाण्याचा विचार डोक्यातही नव्हता. भिंतींवर कमरेच्या वर चिखलाची रेघ होती. काका रिकाम्या खोलीत पालथ्या बादलीवर बसले होते. म्हणाले, "ताई, सा द्या." माझ्याकडे काही नव्हतं. गळ्यानेच दिला. त्यांनी त्या सा वर अख्खा अभंग म्हटला, प्रत्येक श्वास पेन्सिलच्या खुणेवर. कागद तर वाहून गेला होता.

या पद्धतीत उणिवा आहेत, आणि त्या लपवून शिकवणी घेणं मला बरं वाटत नाही. एकटं शिकणारं मूल दुसऱ्याचं गाणं ऐकत नाही. आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही, आणि चारचौघांत गायची वेळ आली की पाय लटपटतात. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना माझ्या घरी बोलावते. एकेकाने एकच चीज गायची, बाकीच्यांनी ऐकायचं. त्या दिवशी तबल्यावर खरा वाजवणारा बसतो, कारण मोबाइलचा ठेका गाणाऱ्यासाठी थांबत नाही आणि त्याच्याकडे बघून हसतही नाही. शिवाय मी चौदाच्या वर विद्यार्थी घेत नाही, त्यामुळे कितीतरी जणांना नाही म्हणावं लागतं. ज्यांना घरची शिकवणी परवडत नाही अशा दोघांना मी फी न घेता शिकवते. यापलीकडे माझ्याने होत नाही, आणि याची रुखरुख आहेच.

त्या मंगळवारी मी यातलं अर्धंसुद्धा बोलले नव्हते. एवढंच म्हटलं, "तुमच्या मुलीचा सा पांढरी पाच आहे. काळी चारला ती खांदे उचलते. तुम्ही बघितलंत का कधी?" तिने बघितलं नव्हतं. शुक्रवारी पुन्हा गेले तेव्हा ती आपणहून वही घेऊन आत येऊन बसली. बाहेर ऊन रणरणत होतं. मी स्पीकर काढत होते, तेवढ्यात तिचा हात भिंतीकडे गेला आणि पंखा बंद झाला.