टिटवीची चार अंडी

आज सकाळी वखर चालू असताना टिटवीनं डोकं उठवलं. टिटीव-टिटीव करत सरळ बैलांच्या तोंडावर. अण्णा म्हणले, "थांब, हिथंच अंडी असतील."

खरंच! ढेकळांत चार अंडी, मातकट, काळे ठिपके, निमुळती टोकं आत. घरटं कसलं, नुसती खळगी अन् कडेला खडे. बैलाचा खूर वीतभरच लांब होता.

1972 च्या वन्यजीव कायद्यात घरट्याला त्रास देणं शिकारीतच धरलंय, असं मी सांगितलं. अण्णा म्हणले, "तुझा आजा तर कायद्याच्या आधीपासून तेवढी वखराची ओळ सोडायचा."

भवती तुराट्या रोवल्या. अंडी उंचवट्यावर, म्हणजे औंदा पाऊस दणकून, असं शेजारचे काका म्हणतात. (मागल्या सालीबी हेच म्हणले होते.)

आम्ही बांधावर टेकलो, तशी बाई गुपचूप येऊन बसली.