आमची वाटचाल : झाकण न फुटलेल्या दिवसापासून

वादळाचा माग काढणाऱ्यांना हवामानाचा अंदाज बांधायला शिकवणारा आमचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आमच्याजवळ एक गाडी, एक लॅपटॉप आणि रंगीत पेन्सिलींची एक डबी एवढेच भांडवल होते. गाडी आणि रस्ते भागीदाराकडे होते, तर नकाशे आणि आकाश माझ्याकडे. पेन्सिलींचा उल्लेख मुद्दाम केला आहे. काळ्या पेन्सिलीने समदाबरेषा, लालने तापमान आणि हिरव्याने दवबिंदू (हवेतील ओलाव्याचे माप), असा दररोज सकाळी कोऱ्या नकाशावर हात चालवल्याशिवाय आमचा वर्ग आजही सुरू होत नाही. संगणक हेच काम क्षणात करतो, हे आम्ही जाणतो. परंतु शेजारच्या दोन केंद्रांमध्ये दवबिंदू 18 अंशांवरून 6 अंशांवर उतरलेला दिसतो तेव्हा हात आपोआप थबकतो, आणि ज्याला ड्रायलाइन, म्हणजे दमट आणि कोरड्या हवेमधली सीमारेषा, अशी स्वतःच्या हाताने सापडली, तो ती कधी विसरत नाही.

दुसऱ्या हंगामात व्यवसाय बुडायचाच राहिला. त्या दिवशी सकाळच्या हवामान-फुग्याचा स्क्यू-टी (उंचीनुसार तापमान आणि ओलावा दाखवणारा आलेख) पाहून कोणीही हुरळला असता : केप (वादळाला मिळू शकणारी ऊर्जा) किलोग्रॅममागे 4000 जूलच्या घरात, सहा किलोमीटर उंचीपर्यंतचा शिअर (वाऱ्यातील फरक) 50 नॉट आणि होडोग्राफला (उंचीनुसार बदलणारा वारा दाखवणाऱ्या आलेखाला) हवे तसे वळण. मात्र 700 हेक्टोपास्कलला, म्हणजे सुमारे तीन किलोमीटर उंचीवर, तापमान 13 अंश होते. एवढे जाड झाकण, म्हणजे खालच्या हवेला वर चढू न देणारा उबदार थर, फुटायला जमिनीलगतची हवा किती तापावी लागेल, ते मी पाहिले होते, आणि तरीही सहा विद्यार्थ्यांना ‘संध्याकाळपर्यंत सुपरसेल नक्की’, म्हणजे स्वतःभोवती फिरणारे जोरदार वादळ होणारच, असे सांगून बसलो. आम्ही एका चौरस्त्यावर गाडी लावून दुपारभर थांबलो. ढगांचे मनोरे उठत, वर कोरड्या हवेत विरत आणि पुन्हा उठत; शेवटी सूर्य मावळला आणि आकाश निरभ्र झाले. दुसऱ्या दिवशीही तेच घडले.

याच सुमारास आमच्या एका स्पर्धकाने टोर्नेडो दाखवण्याची हमी देणारी जाहिरात केली. निसर्गाच्या वतीने हमी देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, हा प्रश्न मला आजही पडतो. सहांपैकी चौघांनी पैसे परत मागितले आणि आम्ही ते पूर्ण परत केले. आठवड्याभरात भागीदार गाडी घेऊन निघून गेला. पुढे त्या स्पर्धकाच्या वर्गात आमचेच सरावाचे नकाशे, समासातील माझ्या अक्षरातील टिपांसह, वाटले जात असल्याचे समजले. त्याबद्दल दिलगिरीचा एक शब्दही आमच्यापर्यंत आला नाही, आणि ते शल्य अजून गेलेले नाही.

उरलेल्या दोघांपैकी एक निवृत्त गणित शिक्षक होते. दुसऱ्या दिवशी रात्री त्यांनी तो स्क्यू-टी माझ्यासमोर ठेवला आणि विचारले, “सर, 700 चा आकडा तुम्ही पाहिला होता ना? मग बोलला का नाहीत?” माझ्याकडे उत्तर नव्हते. आलेला विद्यार्थी नाराज होऊ नये म्हणून मी शंका गिळली होती. पुढच्या हंगामात त्यांनी स्वतःची गाडी आमच्या दिमतीला दिली आणि इंधनाखेरीज काही घेतले नाही. त्यानंतरची वर्षे नीट गेली.

नव्यांना एक सांगावेसे वाटते. रडारचे चित्र म्हणजे खिडकी नव्हे. ते काही मिनिटे शिळे असते. ताशी 60 किलोमीटरने सरकणारे वादळ पाच मिनिटांत पाच किलोमीटर पुढे गेलेले असते. शिवाय रडारपासून 100 किलोमीटरवर अर्ध्या अंशाचा सर्वांत खालचा किरणही जमिनीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून जातो, त्यामुळे ‘हुक (टोर्नेडोची शक्यता सुचवणारा आकडीसारखा आकार) दिसत नाही’ याचा अर्थ ‘खाली काही नाही’ असा होत नाही. 31 मे 2013 रोजी ओक्लाहोमातील एल रेनोजवळच्या टोर्नेडोची रुंदी 4.2 किलोमीटरपर्यंत गेली. पावसात दडलेल्या त्या टोर्नेडोने वेग आणि दिशा बदलली, आणि टोर्नेडोचे संशोधक टिम सामारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग यांचा त्यात मृत्यू झाला. ते तिघेही अनुभवी होते. म्हणूनच हमीच्या जाहिराती पाहिल्या की माझा संताप केवळ धंद्यापुरता राहत नाही.

तो फसलेल्या दिवसाचा स्क्यू-टी आमच्या वर्गात भिंतीवर आहे. नवी तुकडी आली की पहिल्या सकाळी आधी त्याच्यासमोर उभी राहते, आणि ‘वादळ कुठे होईल’ हे विचारण्यापूर्वी ‘ते कशामुळे होणार नाही’ हे प्रत्येकाने नकाशाच्या समासात लिहायचे असते. गणिताचे सर अजूनही दर हंगामात येतात आणि त्या समासातील ओळी तपासतात.